थायरॉइड मंदावली म्हणजे कर्करोगाची भीती?

सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, एक बारीकशी गोळी पाण्याबरोबर घेणारे कोणी ना कोणी तुमच्या ओळखीचे नक्की असेल. आई असेल, मावशी असेल, शेजारच्या काकू असतील. विचारले तर त्या सांगतील, "मला थायरॉइड आहे." खरे पाहता थायरॉइड प्रत्येकालाच असते! ते रोगाचे नाव नव्हे, गळ्यातील एका ग्रंथीचे नाव आहे. काकूंना म्हणायचे असते ते एवढेच, की त्यांची ही ग्रंथी मंद चालते. भारतातील आठ ठिकाणच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. मुंबई आणि गोवा यांचाही तीत समावेश होता. पाच हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले, तेव्हा दर शंभरांत सुमारे अकरा जणांची ग्रंथी कमी-अधिक मंद असल्याचे आढळले.

म्हणजे ही गोळी पुष्कळ घरांत आहे. आणि त्यांपैकी पुष्कळ घरांत एक शंका हलक्या आवाजात विचारली जाते: "याचा पुढे कर्करोग तर होत नाही ना?"

शंका अगदीच पोकळ नाही, पण तिचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात मावतही नाही. तुम्ही म्हणाल, हा प्रश्न डॉक्टरांचा. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने त्यात कशाला पडावे? पडावे, कारण या उत्तरात एक नियंत्रण यंत्रणा आहे, किरणोत्सार आहे आणि मोजमाप करताना होणारी फसगतही आहे. ही तिन्ही आमच्याच प्रांतातली.

आयोडीनची भुकेली ग्रंथी

गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून ही ग्रंथी बसलेली असते. आकार फुलपाखरासारखा, वजन मोठ्या माणसात सुमारे २० ग्रॅम. पाठ्यपुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हटलेले तुम्ही वाचले असेल. तिचे मुख्य काम थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक बनवणे. संप्रेरक म्हणजे रक्तातून धाडलेला निरोप. थायरॉक्सिनचा निरोप शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीला जातो आणि तो असतो कामाच्या वेगाविषयी. हा निरोप कमी पडला, की माणूस थकतो, त्याला थंडी सोसत नाही, वजन वाढते, त्वचा कोरडी पडते, नाडी मंदावते. तान्ह्या बाळात तो कमी पडला आणि वेळीच उपचार झाले नाहीत, तर मेंदूची वाढच खुंटते.

१९१४ सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल यांनी हे द्रव्य प्रथमच शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे केले. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात. आता एक छोटे गणित करू. आयोडीनचा अणुभार १२७. चार अणूंचा भार झाला ५०८. संपूर्ण रेणूचा भार सुमारे ७७७. म्हणजे वजनाने पाहिले तर थायरॉक्सिनचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग नुसते आयोडीनच आहे!

हे आयोडीन शरीर स्वतः बनवू शकत नाही. ते अन्नातून यावे लागते. लागते मात्र अगदी थोडे: मोठ्या माणसाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या हिशेबाने एक ग्रॅम आयोडीन एका माणसाला अठरा वर्षे पुरेल. इतक्या थोड्या पुरवठ्यावर भागवायचे, म्हणून थायरॉइडच्या पेशी रक्तातून आयोडीन अक्षरशः उपसून घेतात. रक्तात जेवढे दाट, त्याच्या वीस ते चाळीस पट दाट आयोडीन त्या आपल्यात साठवतात. शरीरातील दुसरे कोणतेही इंद्रिय आयोडीनसाठी एवढे हपापलेले नाही. ही भूक लक्षात ठेवा. पुढे ती तीनदा आपल्या कामी येणार आहे.

पीयूषिकेचा चाबूक

विजेची इस्त्री तुम्ही पाहिली आहेच. तवा हवा तेवढा तापला, की आतली दोन धातूंची पट्टी वाकते आणि विद्युत्प्रवाह तुटतो. तवा निवला, की पट्टी सरळ होते आणि प्रवाह पुन्हा सुरू होतो. आपल्या डोक्यातही अशीच एक पट्टी आहे म्हणा ना! मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. रक्तात थायरॉक्सिन कमी झाले, की ती टीएसएच नावाचे दुसरे संप्रेरक जास्त सोडते. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा चाबूक. थायरॉक्सिन पुरेसे झाले, की चाबूक थांबतो.

गंमत अशी, की हा चाबूक फारच हळवा आहे. रक्तातील थायरॉक्सिन निम्मे झाले, तर टीएसएच दुप्पट होत नाही. ते सुमारे शंभरपट होऊ शकते. म्हणूनच थायरॉइडची तपासणी करताना डॉक्टर प्रथम टीएसएचचा आकडा पाहतात. साधारणपणे तो ०.४ ते ४ च्या दरम्यान असतो. तो वाढलेला दिसला, तर चाबूक जोरात चालू आहे, अर्थात घोडा मंद आहे, असे समजावे.

या चाबकाने दोन गोष्टी होतात. एक तर थायरॉइडच्या पेशी अधिक आयोडीन ओढून अधिक संप्रेरक बनवू लागतात. दुसरे म्हणजे त्या वाढतात आणि संख्येनेही वाढू शकतात. अन्नात आयोडीन कमी असलेल्या प्रदेशांत हे उघड्या डोळ्यांनी दिसत असे. हिमालयाच्या पायथ्याशी पाऊस आणि वितळणारे बर्फ यांनी जमिनीतले आयोडीन धुऊन नेले आहे. तिथे पूर्वी गावेच्या गावे गलगंडाने ग्रासलेली असत. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रसिद्ध प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे विभाग पाडून काहींत आयोडीन मिसळलेले मीठ दिले आणि एका विभागात साधेच मीठ ठेवले. काही वर्षांत आयोडीनच्या विभागांतील गलगंड स्पष्टपणे घटले. त्यातूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला.

आज शहरांतील काकूंची थायरॉइड मंदावते, तेव्हा कारण बहुधा निराळे असते. जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या विकारात शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून थायरॉइडवर हल्ला करतात. कारण कोणतेही असो, शेवट एकच: थायरॉक्सिन घटते, टीएसएच वाढते.

खत आणि बी

इथेच आपल्या मूळ शंकेचा उगम आहे. टीएसएचने पेशी वाढतात. कर्करोग म्हणजे तर पेशींची बेसुमार वाढ. मग मंद थायरॉइड, वाढलेले टीएसएच आणि कर्करोग अशी साखळी का जोडू नये?

कारण साखळीतली एक कडी कच्ची आहे. वाढणे आणि बेबंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाबकाने वाढलेली पेशी चाबूक थांबला, की वाढायचे थांबते. कर्करोगाच्या पेशीत जनुकांमध्येच बिघाड झालेला असतो. थांबण्याचा हुकूम ती नीट ऐकत नाही. टीएसएच हे खतासारखे आहे. शेतात तणाचे बी पडलेलेच असेल, तर खताने तणही फोफावेल. पण खत घातले म्हणून बी निर्माण होत नाही.

हे झाले तर्काचे. पुरावा काय म्हणतो? इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे गळ्यात गाठ आलेल्या सुमारे दीड हजार रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. टीएसएच जितके जास्त, तितकी ती गाठ कर्करोगाची निघण्याची शक्यता जास्त, असे त्यात दिसले. पण नीट पाहा: हे सारे रुग्ण गाठ आली म्हणूनच इस्पितळात आलेले होते. गाठ नसलेल्या आणि नुसते टीएसएच वाढलेल्या काकूंविषयी हा अभ्यास काही सांगत नाही.

उलट बाजूचाही पुरावा आहे. आइसलँडमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवले, की थायरॉइडच्या कर्करोगाची शक्यता वाढवणारे दोन आनुवंशिक फरक ज्यांच्यात असतात, त्यांच्यात टीएसएच सरासरीने कमी असते. जास्त नव्हे, कमी! चाबूक हेच कर्करोगाचे कारण असते, तर असे दिसायला नको होते. तेव्हा वाढलेले टीएसएच आणि कर्करोग यांचे नाते आहे, पण ते सरळ कारण आणि परिणाम असे नाही. शास्त्रज्ञांचा त्याविषयीचा शोध अजून चालू आहे.

शोधाल तर सापडेल

आता मोजमापातील फसगत. १९८५ साली फिनलंडमधील संशोधकांनी इतर कारणांनी मृत्यू पावलेल्या १०१ व्यक्तींच्या थायरॉइड ग्रंथी अगदी पातळ कापांमध्ये कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांतील ३६ ग्रंथींत कर्करोगाचे बारीक ठिपके होते! या माणसांना हयातीत त्याचा पत्ताही नव्हता आणि त्रासही झाला नव्हता. थायरॉइडमध्ये असे निद्रिस्त ठिपके कितीतरी जणांत असतात आणि बहुतेक जन्मभर झोपूनच राहतात.

दक्षिण कोरियात १९९९ साली कर्करोग शोधण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. तिच्या जोडीने पुष्कळ लोक हौसेने गळ्याचीही स्वनातीत तपासणी, म्हणजे सोनोग्राफी, करून घेऊ लागले. परिणाम असा झाला, की २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. साऱ्या देशात जणू साथच आली! पण या कर्करोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण जिथल्या तिथे राहिले. वाढला होता तो रोग नव्हे, शोध वाढला होता.

हाच धडा काकूंना लावून पाहा. ज्याची थायरॉइड मंद आहे, तो वारंवार डॉक्टरांकडे जातो, त्याचा गळा तपासला जातो, सोनोग्राफी होते. साहजिकच त्याच्यात निद्रिस्त ठिपके सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. मग आकडेवारीत मंद थायरॉइड आणि कर्करोग शेजारी शेजारी दिसतात. हाशिमोतोच्या विकाराचेही तेच. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत तो विकार आणि कर्करोग एकत्र आढळतात. पण शस्त्रक्रियेपर्यंत न पोचलेल्या, फक्त सुईने तपासलेल्या रुग्णांत हे नाते बरेच पुसट होते. मासे किती आहेत हे जाळे कुठे टाकले यावरही ठरते, ही गोष्ट प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.

बी कोण पेरते?

कर्करोगाचे बी पेरणारे एक कारण मात्र निश्चित ठाऊक आहे: बालपणी थायरॉइडला मिळालेला किरणोत्सार. २६ एप्रिल १९८६ रोजी आताच्या युक्रेनमधील चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाला. हवेत जे पदार्थ उधळले गेले, त्यांत आयोडीन १३१ हा आयोडीनचा किरणोत्सारी भाऊ होता. तो गवतावर बसला, गवत गाईंनी खाल्ले, गाईंचे दूध मुले प्यायली. थायरॉइडच्या पेशीला साधे आयोडीन आणि आयोडीन १३१ यांतला फरक कळत नाही. तिने नेहमीच्या भुकेने दोन्ही ओढून घेतली.

मुलांची ग्रंथी लहान. त्यामुळे तेवढेच आयोडीन लहान जागेत कोंडले जाऊन दर ग्रॅमला किरणांची मात्रा जास्त पडली. शिवाय मुलांच्या पेशी वेगाने विभागत असतात. त्यांच्या जनुकांना झालेली इजा पुढच्या पेशींत उतरते. चारेक वर्षांतच परिणाम दिसू लागला. २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाचा बाधित भाग मिळून, अपघाताच्या वेळी बालवयात किंवा किशोरवयात असलेल्यांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. उपचारांमुळे त्यांतले बहुतेक वाचले.

आणि इथे मंद थायरॉइडचा खरा धागा सापडतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की ज्या भागांत जमिनीत आयोडीन कमी, तिथल्या मुलांना तेवढ्याच किरणोत्साराने सुमारे तिप्पट धोका झाला. कारण उघड आहे. त्या मुलांच्या ग्रंथी उपाशी होत्या, म्हणून त्यांनी विषारी घासही अधिक अधाशीपणाने गिळला. याउलट शेजारच्या पोलंडमध्ये सरकारने काही दिवसांतच एक कोटीहून अधिक मुलांना साध्या आयोडीनचा डोस पाजला. पोट भरलेल्या ग्रंथीने मग किरणोत्सारी आयोडीन फारसे घेतले नाही.

भुकेचाच उपचार

तिसऱ्यांदा ही भूक कामी येते ती उपचारात. आयोडीन १३१ चा शोध १९३८ साली जॉन लिव्हिंगूड आणि ग्लेन सीबोर्ग यांनी लावला. त्याचा अर्धायुकाल सुमारे ८ दिवसांचा आहे. म्हणजे ८ दिवसांत निम्मे उरते, १६ दिवसांत पाव, आणि ८० दिवसांत हजारावा भाग. त्यातून निघणारे बीटा कण शरीरात जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत जातात. ज्या पेशीने आयोडीन खाल्ले तिला आणि तिच्या शेजाऱ्यांना मारायचे, दूरच्यांना सोडायचे, यासाठी याहून चांगले हत्यार कोणते?

थायरॉइडचा कर्करोग झाला, की शस्त्रक्रियेने ग्रंथी काढतात. शरीरात विखुरलेल्या पेशी उरल्या असतील असे वाटले, तर रुग्णाला आयोडीन १३१ पाजतात. पण त्या पेशींनी ते गिळावे यासाठी त्यांना भूक लागायला हवी. भूक लावतो कोण? आपला चाबूक, टीएसएच! म्हणून डॉक्टर रुग्णाला तीन-चार आठवडे थायरॉक्सिनची गोळी देतच नाहीत आणि आयोडीन कमी असलेले अन्न खायला सांगतात. म्हणजे ते मुद्दाम, जाणूनबुजून, त्याची अवस्था मंद थायरॉइडची करतात. टीएसएच ३० च्या वर चढले, की औषध देतात. आता प्रयोगशाळेत बनवलेले टीएसएच टोचूनही हे साधता येते. उपचार संपला, की थायरॉक्सिनची गोळी सुरू होते आणि गरजेप्रमाणे तिची मात्रा किंचित वाढती ठेवतात. कारण आता चाबूक शांतच राहिलेला बरा. चुकून उरलेल्या तणाला खत मिळायला नको.

आपल्याकडे मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'रेडिएशन मेडिसिन सेंटर' १९६३ पासून असे उपचार करीत आले आहे. त्यासाठी आयोडीन १३१ ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून बनवतात. ज्या किरणोत्साराने चेर्नोबिलच्या मुलांना आजारी पाडले, तोच मोजूनमापून दिला, की औषध होतो.

मग काकूंना काय सांगाल?

सांगा, की थायरॉइड मंद असणे ही कर्करोगाची पहिली पायरी नाही. मंद थायरॉइड शंभरांत दहा-अकरा जणांत आढळते, तर थायरॉइडच्या कर्करोगाचे नवे रुग्ण वर्षाला लाखात मोजकेच सापडतात. आणि सापडल्यावरही त्याच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराचे दहात नऊहून अधिक रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात असतात. सांगा, की गोळी मात्र चुकवू नका. ती चाबकाला आवर घालते, आणि ती बंद केली तर थकवा आणि हृदयाचे त्रास मागे लागतील. थायरॉक्सिन रक्तात सात दिवसांत निम्मे होते, म्हणून मात्रा बदलली, तर नवा आकडा स्थिर व्हायला सहा आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी बरे वाटेल अशी अपेक्षा नको. आणि गळ्यात टणक किंवा वाढणारी गाठ लागली, आवाज बसून सुटेचना किंवा गिळताना अडू लागले, तर मात्र थायरॉइड मंद असो वा नसो, विनाविलंब डॉक्टरांना दाखवा.

जाता जाता एक घरचा अभ्यास. स्वयंपाकघरातील मिठाचे पाकीट पाहा. आपल्याकडे विक्रीच्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते; म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. तुमच्या घरी महिन्याला किती मीठ लागते ते आईला विचारा, त्याला ३० ने आणि घरातील माणसांच्या संख्येने भागा, आणि प्रत्येकाला मिठातून रोज किती आयोडीन मिळते ते काढा. थोडे आयोडीन शिजवताना उडून जाते आणि थोडे दूध, अंडी, मासळी यांतून मिळते, हेही हिशेबात धरा. उत्तर १५० च्या आसपास आले, तर तुमच्या घरच्या ग्रंथी उपाशी नाहीत.